खाकी ड्रिलवरची हळद

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात देवांच्या फोटोंशेजारी जाहिरातींचे नियम चिकटवलेले होते. थट्टा नाही करत. सायबर कॅफेतून प्रिंट काढून आणले, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या आणि पिठाची खळ करून भिंतीला लावून टाकले. आईनं विचारलं, हे कुठलं नवीन स्तोत्र? मी म्हटलं, पोटाचं आहे, रोज वाचायचं. बाबांना मात्र तो कागद फार आवडला. मिलच्या गेटवर असे नियम लावलेले असायचे, आणि मिल बंद झाल्यापासून आमच्या घरात नियमानं चालणारं काही उरलंच नव्हतं.

बाबा मिलमध्ये विणकर होते. त्यांच्या वाट्याला साचे असायचे, साचे म्हणजे लूम, आणि त्या साच्यांबद्दल ते दुसरा माणूस आपल्या बैलांबद्दल बोलेल तसे बोलायचे. आमच्या ओळीतले बहुतेक सगळे मिलवालेच. भोंगा झाला की अर्धी गल्ली उठायची आणि उरलेली अर्धी झोपायला यायची. मग मिल बंद पडली. तेव्हा टीव्हीवर रोज सांगत होते की देश खुला झाला, आता सगळं मिळणार. आमच्या गल्लीत जे आधी मिळत होतं तेच मिळेनासं झालं. याचा राग मला अजूनही येतो, आणि तो कमी करायचा मी काही प्रयत्न करत नाही.

बाबांनी पुढं बरंच करून पाहिलं. पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये हेल्परी केली, हातोदच्या बाजारात चादरी विकायला बसले. गिऱ्हाईकाला चादरीतली खोट आधी दाखवायची खोड, त्यामुळे चादरी काही खपल्या नाहीत. शेवटी सांवेर रोडवरच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. एजन्सीनं दिलेला टेरीकॉटचा युनिफॉर्म त्यांनी अंगाला लावला नाही. म्हणाले, खाकी घालायचीच तर कॉटन ड्रिलची घालीन. राजवाड्याकडे जाऊन, चार दुकानं फिरून, ताणा-बाणा बोटांनी चाचपून कापड निवडलं आणि स्वतः शिवून घेतलं. त्या खाकीत ते इतके ऐटदार दिसायचे की मला बघवत नसे. गाडी आली की गेट उघडायचं आणि सलाम ठोकायचा, हे त्यांचं काम. एकदा डबा द्यायला गेले असताना तो सलाम मी पाहिला. गाडीतल्या पोरानं फोनवरून नजरसुद्धा वर केली नाही. घरी येऊन मी आईशी भाजीच्या मिठावरून भांडले.

मी त्या वेळी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास सुटल्यावर तिथल्याच मशीनवर बसून मी एक साइट बनवली. विषय काय, तर कपड्यांवरचे डाग. क्लासमधल्या बाकीच्यांना हसू आवरेना. हसा म्हटलं. आमच्या घरात जी विद्या होती ती हीच. बाबांना कापड कळायचं आणि आईला डाग. हळदीच्या डागाला आधी साबण लावला की तो लालभडक होतो. त्याला ऊन दाखवावं लागतं. मशीनच्या तेलावर आधी खडूची पूड टाकून ठेवायची, गंजाला लिंबू-मीठ. हे सगळं मी इंग्रजीत लिहायचे, कारण साइटवर जाहिराती लावणाऱ्या कंपनीच्या भाषांमध्ये तेव्हा मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. एक पान हौसेनं मराठीत लिहिलं होतं, त्यावर मी जाहिरात लावली नाही. वाचणाऱ्या बहुतेक आपल्याच बायका, परदेशात गेलेल्या. तिकडे विचारायला सासू हाताशी नसते ना.

व्यवहार सरळ होता. कंपनी माझ्या पानावर साबणाच्या, वॉशिंग मशीनच्या जाहिराती लावणार. वाचणाऱ्याला त्यातली एखादी खरंच कामाची वाटली आणि त्यानं तिच्यावर क्लिक केलं, तर त्यातला वाटा मला. पण नियम कडक. आपल्या जाहिरातीवर आपण क्लिक करायचं नाही. दुसऱ्या कुणाला करायला सांगायचं नाही. बोट चुकून पडेल अशा जागी जाहिरात ठेवायची नाही. दुसऱ्याचं लिखाण, दुसऱ्याचे फोटो उचलायचे नाहीत. यातलं काही मोडलं तर खातं बंद, आणि एकदा बंद झालं की त्या माणसासाठी जन्मभर बंद.

हे नुसतं सांगण्यापुरतं नव्हतं, हे आमच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेच्या मालकावरून मला ठाऊक होतं. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, सगळ्या मोहल्ल्याचा भिया, म्हणजे भाऊ. त्यानं नट्यांच्या फोटोंची साइट काढली होती. फोटोही उचललेले आणि फोटो उतरवून घ्यायच्या बटणाला जाहिरात अशी खेटून ठेवलेली, की दहातली नऊ बोटं तिच्यावरच पडावीत. खातं गेलं. अपील केलं, एका ओळीत नकार आला. हे सगळं भोगून हा भला माणूस मलाच शिकवायला आला, की मॅडमजी, जाहिरात जरा बटणाच्या जवळ सरकवा, कोण बघून राहिलं आहे. मी त्याला म्हटलं, भिया, तुमचं बघितलंच ना कुणीतरी? त्यावर तो मनापासून हसला. राग धरायचा नाही, ही इंदूरची रीत तो पाळायचा. मला काही ती जमली नाही.

वर्षभर काही विशेष झालं नाही. मग हळूहळू वाचणाऱ्या वाढल्या आणि एक दिवस असा आला की साइटचं घरात येणारं उत्पन्न माझ्या आणि बाबांच्या गेटवरच्या पगाराच्या वर गेलं. ते असंच राहतंय का, हे मी काही महिने जीभ चावून पाहिलं. राहिलं. मग एका संध्याकाळी, बाबा सायकल लावून आत येत होते, तेव्हा मी त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि सांगितलं, उद्यापासून गेटवर जायचं नाही. त्यांनी मला परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं, आणखी मोठ्यानं. आयुष्यात मी पुष्कळ बोलले आहे, निम्मं न बोलले असते तर बरं झालं असतं, पण त्या एका वाक्याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा कशाचाच नाही. बाबांनी खाकी आईकडून धुऊन घेतली, स्वतः इस्त्री केली आणि ट्रंकेत ठेवली. मीही क्लास सोडला आणि घरी एक जुनं मशीन आणलं; त्याचं नेट चाललं तर चाललं, नाहीतर कोपऱ्यावरचा कॅफे होताच. आता सगळं घर त्या एका खात्यावर होतं.

बाबा आता दिवसा घरी असायचे आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचे. मी नको म्हणायचे आणि आतून फुगायचे. ओट्यावरच्या मंडळींचे पुढारी म्हणजे जॉबरकाका. मिलमध्ये ते बाबांच्या खात्याचे जॉबर होते, म्हणजे साचे चालू ठेवणं ही त्यांची जबाबदारी. आवाज असा, की साच्यांच्या खडखडाटातही ऐकू जायचा आणि मिल बंद झाल्यावरही त्यांनी तो कमी केला नव्हता. मिलमधली एक रीत मला लहानपणापासून माहीत होती. कुणाच्या घरी आजारपण असलं, कुणाला मुलगी बघायला जायचं असलं, की जॉबरकाका नुसती मान हलवायचे आणि शेजारचे विणकर आपल्या साच्यांबरोबर त्याचेही साचे चालवायचे. त्याचं कापड कमी पडायचं नाही. याला साचे सांभाळणं म्हणायचे. कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत, कारण पुढच्या वेळी तोच कुणाचे तरी सांभाळणार असायचा.

तर एका सकाळी मी साइटचा आलेख उघडला. जाहिरातीवरच्या क्लिक गेल्या काही दिवसांत एकदम वाढल्या होत्या, आणि जवळजवळ सगळ्या इंदुरातून. इंदुरात माझी साइट कोण वाचणार? इथं प्रत्येक घरात सासू आहे. पुन्हा बघितलं तर आणखी चमत्कारिक. सकाळी सुरू व्हायच्या, दुपारी जरा थांबायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या आणि संध्याकाळनंतर पुन्हा. ज्या वेळांना थांबायच्या त्या वेळा मला तोंडपाठ होत्या. मिलच्या शिफ्ट बदलायच्या त्या वेळा. माझ्या मनात बरोब्बर भोंगा वाजला.

मी चपला घातल्या की नाही मला आठवत नाही. मी कोपऱ्यावरच्या कॅफेत शिरले, आणि बघते तर तीन मशीनवर तीन काका. अंगात इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, नाकाच्या शेंड्यावर चष्मे. जॉबरकाका मागे उभे राहून देखरेख करत होते. पडद्यावर माझं हळदीचं पान. भियानं मला पाहिलं आणि खूश होऊन सांगितलं, मॅडमजी, काकांना मी हाफ रेट लावला आहे, आपल्या घरचं काम आहे.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. माझी आई वाचेल. काकालोकांनी माना खाली घातल्या. एकानं घाईघाईनं सांगितलं की ते नुसतं क्लिक करत नाहीत, नंतर थोडा वेळ जाहिरात उघडी ठेवतात, वाचतातसुद्धा. दुसऱ्यानं सांगितलं की कुणाला काय करायचं हे वाटून घेतलं आहे, सकाळच्या शिफ्टला कोण, दुपारच्या शिफ्टला कोण. बाबांनी ओट्यावर त्यांना समजावलं होतं की साइट कशी चालते, आणि यांनी ठरवून टाकलं होतं की पोरगी एकटी आहे. मी नियम सांगितले. खातं जाईल, जन्मभराचं जाईल, हे सांगितलं. सगळं ऐकून जॉबरकाका खरोखर गोंधळलेले दिसले.

"चोरी कसली बेटा?" ते म्हणाले. "आपल्या माणसाचे साचे आपला माणूस सांभाळून राहिला आहे. इतकी वर्षं हेच तर केलं."

माझ्या भिंतीवरच्या इंग्रजी कागदात याचं उत्तर नव्हतं. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. मी घरातून वादळासारखी निघाले ते बघून ते माझ्या मागोमाग आले होते आणि दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते.

"सांभाळत होतो तेव्हा कापड निघत होतं," बाबा म्हणाले. "इथं कापड नाही. नुसता मीटर फिरतोय."

साच्यावर एक मीटर असतो, किती कापड विणलं ते दाखवणारा, आणि विणकराचं काम त्याच्यावर मोजलं जातं. कापड न विणता मीटर पुढे ढकलणारा माणूस मिलमध्ये क्वचित निघायचा, आणि निघालाच तर मॅनेजरच्या आधी जॉबरकाकाच त्याला खात्याबाहेर काढायचे. पुन्हा कुणी त्याच्याबरोबर डबा खायला बसायचं नाही. जॉबरकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुढे वाकून जवळच्या मशीनवरच्या काकांचा हात माउसवरून उचलला आणि बाजूला ठेवला. मग सगळे एकामागोमाग बाहेर गेले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्या तेल लावलेल्या डोक्यांकडे बघून रडू यायला लागलं.

माझ्या मते विषय तिथं संपला. क्लिक थांबल्या होत्या, कंपनीकडून काही आलं नव्हतं. मोठी कंपनी, त्यांना कुठं दिसणार परदेशीपुरा? दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, कंपनीला सांगितलंस? मी म्हटलं, वेड लागलंय का? आपण होऊन सांगायचं म्हणजे आपल्या हातानं गळा द्यायचा. भियाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गप्प बसलो तर निभावेल. बाबांनी घास खाली ठेवला.

"मीटर फिरलेला तुला माहीत नव्हता, तोवर तो त्यांनी फिरवला," ते म्हणाले. "आता माहीत असून गप्प बसलीस, तर तो तू फिरवला."

मला इतका संताप आला. म्हणायला काय जातंय! मी ताडकन विचारलं, आणि खातं बंद झालं तर? बाबांनी माझ्याकडे बघितलं. एजन्सीवाला दोनदा निरोप देऊन गेला होता की गेटवर जागा आहे, त्यांच्यासारखा माणूस मिळत नाही. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तर माझी खाकी आहे," बाबा म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.

मी सांगितलं. कंपनीच्या साइटवर तशी सोय होती. जास्त शब्द लावले नाहीत. माझ्या वडिलांच्या मित्रांनी मला मदत म्हणून जाहिरातींवर क्लिक केलं, मला आज कळलं, मी थांबवलं आहे, त्या क्लिक मोजू नका, कुठल्या त्या तुम्हाला दिसतीलच. पाठवलं आणि घरी येऊन भिंतीवरच्या नियमांकडे पाठ करून बसले.

उत्तराची वाट बघण्याचे ते दिवस मला नको वाटतात. रोज कॅफेत जायचं, भियानं काही न विचारता मशीन उघडून द्यायचं, आणि काही आलेलं नसायचं. घरी बाबांनी ट्रंकेतून खाकी काढली होती. तिला ऊन दाखवलं, कॉलरची उसवलेली शिवण आईकडून घालून घेतली, बटणं ओढून पाहिली, इस्त्री करून खुंटीला टांगली. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे केलं, जसं कुणी गावाला जायची बॅग भरतं. मी ती खुंटी टाळून घरात वावरायचे. ओट्यावर कुणी बसत नव्हतं. जॉबरकाका घरावरून जाताना मान खाली घालून जायचे, आणि हा माणूस मॅनेजरसमोरसुद्धा कधी मान खाली घालत नसे.

मग उत्तर आलं. मी ते तिथंच मोठ्यानं वाचलं, भियाला अर्धं कळलं. त्या क्लिक त्यांनी वजा केल्या होत्या. कळवल्याबद्दल आभार मानले होते, पुढे लक्ष ठेवा म्हटलं होतं. खातं चालू होतं. भियानं मला बसायला सांगितलं आणि पाण्याचा ग्लास आणून दिला. आपलं अपील त्याला आठवलं असणार, पण त्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याच्या या चांगुलपणाला मी त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

घरी येऊन मी बाबांना ते उत्तर मराठीत सांगितलं. आई देवापुढे गेली. बाबांनी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, खुंटीवरची खाकी उतरवली, जमिनीवर पसरली आणि कापायला बसले. आई ओरडली, चांगलं कापड आहे हो. बाबा म्हणाले, म्हणूनच. त्यांनी पाठीचे, पँटच्या पायांचे सरळ सरळ चौकोन काढले, सूत धरून, एक धागा तिरपा जाऊ न देता. मग आईला हळद मागितली. मी तोवर डागांचे फोटो टाकले नव्हते. लोकांचे उचलायचे नाहीत हा नियम, आणि स्वतःचे काढायला आमच्याकडे चांगलं कापड कुठं होतं? आता होतं. एका चौकोनावर हळद, एकावर तेल, एकावर शाई, एकावर गंज. ओट्यावर ओळीनं वाळत घातले आणि बाबा त्यांच्याशेजारी राखण करत बसले.

जॉबरकाकांनी लांबून बघितलं आणि न राहवून आले. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, पानाचा डाग कसा काढायचा ते सांगायला. मग गल्लीतल्या एकेक बाया. कुणी जांभळाचा डाग घेऊन, कुणी मेंदीचा, कुणी तर डाग नसताना नुसती सांगायला. मी लिहून घेत सुटले. त्यांचं साचे सांभाळणं काही सुटणार नव्हतं, पण आता कापड निघत होतं. काकांना कधी साइट बघावीशी वाटली तर ते माझ्यामागे उभे राहायचे, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून, आणि म्हणायचे, दाखव, मी हात नाही लावत. बाबासुद्धा तसेच उभे राहायचे, शेवटपर्यंत.

हळदीच्या पानावर आजही तोच फोटो आहे. खाकी चौकोन, अर्ध्यावर डाग, अर्धा उन्हानं स्वच्छ. मधूनमधून एखादी बाई लिहून विचारते की हे कापड कुठलं, इतकं चांगलं सूत आता मिळत नाही. मी उत्तर देते, कॉटन ड्रिल आहे, माझ्या वडिलांनी स्वतः निवडलेलं, आणि त्यांना ते पुन्हा घालावं लागलं नाही.